शिक्षकाने शिकवणी न घेता चार पैसे कसे मिळवावेत?

पळसपान

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज गरज म्हणून लिहितोय.

मी लातूर जिल्ह्यात एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीला गणित-विज्ञान शिकवतो. शाळा ४० टक्के टप्प्यावर आहे, म्हणजे सरकारी अनुदानातून पगाराचा तेवढाच हिस्सा मिळतो; हातात चोवीस हजारांच्या आसपास येतात. त्याआधीची नऊ वर्षं बिनपगारी गेली. त्या काळातलं हातउसनं अजून फिटतंय. घरात आई, बायको आणि तिसरीतली मुलगी. आईची शुगरची औषधं दर महिन्याला लागतात.

सकाळी सहा ते नऊ आणि रात्री आठनंतरचा वेळ माझा असतो. गावाकडे एक एकर रान आहे, विहिरीला फेब्रुवारीपर्यंत पाणी टिकतं.

एकच अट आहे. शिकवणी नको. माझ्याच वर्गातल्या पोराकडून पैसे घेऊन त्याला संध्याकाळी वर्गसमीकरण समजावायचं, तर मग सकाळी तासाला मी काय केलं? हा प्रश्न मला झोपू देणार नाही. बाकी कष्टाचं कुठलंही काम चालेल. आपल्यापैकी कोणी असं काही करत असेल तर मोकळेपणाने सांगा.

वाटसरू७

गणिताचा मास्तर आणि शिकवणी नको म्हणतो! सर, आमच्या गावात गणिताच्या क्लासला जागा मिळत नाही. महिन्याला पंधरा हजार कुठे गेले नाहीत. दहा मुलं घ्या, दुसऱ्या शाळेतली घ्या, प्रश्न मिटला.

नोंदवही

मिटत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २८: कोणत्याही शिक्षकाने खासगी शिकवणी किंवा खासगी अध्यापन करू नये. मुलं आपल्या शाळेतली की दुसऱ्या शाळेतली, शाळा अनुदानित की विनाअनुदानित, असा काहीही फरक त्या ओळीत केलेला नाही. कायदा पहिली ते आठवीचा आहे, आणि धागाकर्ते आठवीला शिकवतात. नववीच्या पुढच्यांना हे कलम लागू नसलं तरी सेवाशर्ती आहेतच. खासगी शाळांसाठी १९७७ चा अधिनियम आणि १९८१ ची नियमावली, जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी १९६७ चे वर्तणूक नियम, सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे.

मी एकवीस वर्षं मुख्याध्यापक होतो. शिकवणीवरून आलेल्या तक्रारींची चौकशी मी स्वतः केली आहे. तक्रार आली की ज्या पालकांनी आग्रहाने मुलं पाठवलेली असतात, तेही सही करायला मागे राहतात. शिक्षक एकटा पडतो.

पळसपान सर, तुमची अट योग्य आहे. तीच धरून पुढे बोलू.

मावळतीचा

मी शिक्षक नाही, पालक आहे. शाळेचं नाव घेत नाही. माझ्या मुलाला सातवीत वर्गशिक्षकांच्या शिकवणीला घातलं नव्हतं. पहिल्या चाचणीत त्याला वीसपैकी अकरा. शिकवणीला जाणाऱ्या मुलांना आदल्या दिवशी जी पाच गणितं सोडवायला दिली होती, त्यातली तीन पेपरात होती. मुलगा घरी येऊन म्हणाला, "बाबा, मलाही घाला ना, सर माझ्याकडे बघतच नाहीत." दुसऱ्या महिन्यात घातला. दर महिन्याला आठशे रुपये. मुलाची सरांवरची श्रद्धा मात्र तिथेच संपली, ती नंतर कुठल्याच सरांवर बसली नाही.

म्हणून पळसपान यांची अट वाचून बरं वाटलं. तुमच्यासारखे शिक्षक मिळायला हवे होते.

गावगाडा

माफ करा, पण शिक्षकांना जोडधंदा लागतोच कशाला? सातवा आयोग, महागाई भत्ता, दोन महिने सुट्टी. आमच्या शेजारचे गुरुजी ऐंशी हजार घेतात. शेतकऱ्याने काय करायचं?

खारीचा_वाटा

गावगाडा दादा, तुमचे शेजारी गुरुजी जुने, पूर्ण वेतनश्रेणीतले असतील. त्यांच्याबद्दल तुम्ही म्हणता ते खरं. पण सगळ्या शिक्षकांना एकाच मापाने मोजू नका.

मी शिक्षण सेवक आहे. पहिली तीन वर्षं मानधनावर. २००० साली ही योजना आली तेव्हा प्राथमिकला ३ हजार होते, नंतर बरीच वर्षं ६ हजार. जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार, उच्च माध्यमिकला २० हजार. माझं गाव बुलढाणा जिल्ह्यात, नेमणूक पालघरच्या डोंगरात. खोलीभाडं अडीच हजार, गावी जाऊन-येऊन बाराशे-पंधराशे. घरी पाठवायला सहा हजार उरले तर तो महिना चांगला गेला म्हणायचा. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांना तर मे महिना आला की घरात काय शिजणार हाच प्रश्न असतो, कारण तास नाहीत तर पैसे नाहीत. आणि पळसपान सरांसारखे २०-४०-६० टक्क्यांवाले. काम शंभर टक्के, पगार टप्प्यात.

सर, वाचतोय. मलाही हेच विचारायचं होतं.

गावगाडा

टप्प्याचं एवढं माहीत नव्हतं. शब्द मागे घेतो. एक एकर आणि फेब्रुवारीपर्यंत पाणी आहे म्हणता, तर शेतीचंच बघा.

तुतीवाला

हा धागा माझीच वाट बघत होता असं वाटतंय. :)

जालना जिल्ह्यातला आहे. मोठा भाऊ शिक्षक, रान आमच्या दोघांचं, रेशीम मी आणि वहिनी बघतो. भाऊ सकाळी दोन तास पाला कापायला असतो.

थोडक्यात सांगतो. एक एकर तुती लावायची. पहिल्या वर्षी बॅच कमी निघतात, एकदा बाग लागली की दहा-बारा वर्षं टिकते. किडे वाढवायला शेड लागते, आमची पन्नास बाय बावीस आहे. तुती लागवडीला सरकारी अनुदान मिळतं, जिल्हा रेशीम कार्यालयात नाव नोंदवा. बाल्यावस्थेतल्या अळ्या चॉकी सेंटरमधून आणायच्या, म्हणजे नाजूक दहा दिवस दुसऱ्याने सांभाळलेले असतात. पुढे साधारण अठरा-वीस दिवसांत कोष.

शंभर अंडीपुंजांना (एका पतंगाने घातलेली अंडी म्हणजे एक पुंज) साठ ते ऐंशी किलो कोष यायला हवेत. पहिल्या बॅचला आम्हाला एकतीस किलो आले. का? तर शेजारच्या कपाशीवर फवारणी झाली, वारा आमच्या तुतीकडे होता, आणि आम्ही तो पाला कापून घातला. सकाळी शेडमध्ये गेलो तर अळ्या माना वर करून, तोंडातून हिरवं पाणी. वहिनी रॅकजवळ खाली बसून राहिली. तेव्हापासून बांधाच्या कडेच्या चार ओळींचा पाला आम्ही अळ्यांना घालत नाही, आणि शेजाऱ्यांशी बोलून ठेवलंय की फवारणीच्या आदल्या दिवशी सांगा.

पूर्वी इथले लोक कोष घेऊन कर्नाटकात रामनगरला जायचे. २०१८ पासून जालन्यातच कोष बाजार झाला, आता सकाळी नेऊन संध्याकाळी परत. भाव मात्र हलतो. किलोला साडेतीनशेही घेतलेत आणि साडेसहाशेही.

सर, तुमचं पाणी फेब्रुवारीपर्यंत. म्हणजे जूनपासून तीन-चार बॅच निघतील, उन्हाळ्यात बाग जगवायची फक्त. पण दिवसातून दोन-तीन वेळा पाला घालावा लागतो, शेवटच्या आठवड्यात तर माणूस शेडमध्येच पाहिजे. तुम्ही दहा ते पाच शाळेत. घरात दुसरं कोण करणार हे आधी ठरवा, मग तुतीचं बेणं आणा.

पळसपान

तुतीवाला दादा, एवढं सविस्तर सांगितलंत, आभारी आहे. आई थकली आहे, बायकोला विचारावं लागेल. शेड मात्र बायकोच्या नावावर करता येईल ना? म्हणजे नोकरीला अडचण नको.

वाटसरू७

सगळे तेच करतात. विमा एजन्सी, पोस्टाची एजन्सी, दुकान, सगळं बायकोच्या नावावर. आमच्या स्टाफरूममध्ये सहा जण आहेत असे.

नोंदवही

आणि त्या सहा जणांपैकी किती जणांनी कार्यालयाला कळवलं आहे? १९७९ च्या नियमांतला नियम १६ वाचा. कुटुंबातलं कोणी व्यापार करत असेल किंवा विम्याची, कमिशनची एजन्सी चालवत असेल तर कर्मचाऱ्याने ते कळवायचं असतं. आणि पत्नीच्या एजन्सीसाठी त्याने स्वतः गिऱ्हाईक गोळा केलं तर तो नियमभंग धरला जातो. म्हणजे पत्नीने एजन्सी चालवणं पूर्ण वैध, पण स्टाफरूममध्ये सरांनी फॉर्म वाटणं अवैध. हा नियम सरकारी कर्मचाऱ्यांचा, पण बाकीच्यांनीही तीच रेष पाळलेली बरी.

त्याच नियमात दुसरी बाजूही आहे, ती लोक विसरतात. सामाजिक वा धर्मादाय स्वरूपाचं मानद काम आणि प्रासंगिक साहित्यिक, कलाविषयक किंवा शास्त्रीय काम यांना पूर्वपरवानगी लागत नाही, अर्थात मूळ कामात कसूर होता कामा नये. लेख लिहिणं, व्याख्यान देणं, गाणं, चित्रं यांची वाट मोकळी आहे. नियमित कामाला मात्र लेखी परवानगी घ्या.

सोनचाफा

मला 'बायकोच्या नावावर' या दोन शब्दांबद्दल बोलायचं आहे.

मी स्वतः प्राथमिक शिक्षिका, नाशिकची. माझ्या मैत्रिणीच्या नावावर तिच्या नवऱ्याने पोस्टाची महिला एजन्सी घेतली. ही योजना बायकांसाठीच आहे, आवर्ती ठेवीवर ४ टक्के कमिशन. महिन्याला दोन लाखांचा भरणा झाला तर आठ हजार. चांगली योजना आहे, आमच्या कॉलनीत एक काकू वीस वर्षं सचोटीने करतात, त्यावर दोन मुली इंजिनिअर केल्या. पण माझ्या मैत्रिणीला महिन्याला सह्या करण्यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. पैसे नवरा गोळा करायचा, भरायचा उशिरा. जेव्हा ठेवीदार दारात आले तेव्हा दार तिला उघडावं लागलं, कारण कार्डावर नाव तिचं. ती आजही पैसे फेडते आहे.

पळसपान सर, तुम्ही तसे नाही हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. पण विचारताना 'तुझ्या नावावर करू का' असं विचारू नका. 'तुला काय करायला आवडेल' असं विचारा. नाव तिचं, तर काम तिच्या पसंतीचं आणि पैसा तिच्या खात्यात.

खारीचा_वाटा

ताई, +१००.

पळसपान

सोनचाफा ताई, खरं आहे. मी तिला विचारलंच नव्हतं. इथे टाईप करताना सहज लिहून गेलो. आज रात्री बोलतो.

गावगाडा

ताई, तुम्ही स्वतः काही करता का पगाराशिवाय?

सोनचाफा

करते. एक मे ते जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वाळवण.

सासूबाई कुरडया करायच्या, घरापुरत्या. २०१६ मध्ये पुण्याच्या नणंदेने तिच्या सोसायटीसाठी पाच किलो मागितल्या, तिथून सुरुवात. आता आम्ही तिघी आहोत. मी, जाऊबाई आणि शेजारच्या मावशी. पैशांचे तीन सारखे वाटे.

ज्यांना हे काम सोपं वाटतं त्यांच्यासाठी सांगते. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. एक दिवस आळस केला तर चौथ्या दिवशी आंबूस वासाने घर उठतं. मग वाटून, पिळून चीक काढायचा. तो रात्रभर भांड्यात निवळू द्यायचा. पहाटे चार वाजता वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं, खाली पांढराशुभ्र घट्ट थर राहतो. आधणाला हिंग-मीठ, त्यात चीक, आणि लाकडी दांड्याने एकीने ढवळायचं, दुसरीने पातेलं धरायचं. गुठळी झाली की संपलं. चीक पारदर्शक दिसायला लागला की गरम असतानाच सोऱ्यात भरायचा. गार झाला तर सोऱ्या दाबताना मनगट जातं. साडेसात वाजेपर्यंत गच्चीवरच्या कागदावर शेवटची कुरडई पडली पाहिजे, कारण आठनंतर खाली बसवत नाही. पिळून उरलेल्या चोथ्याच्या पापड्या करतो, त्या कुरडईच्या आधी संपतात.

अन्न सुरक्षा विभागाकडे (एफएसएसएआय) नोंदणी केली आहे. वार्षिक उलाढाल छोटी असेल तर साधी नोंदणी पुरते, शुल्कही किरकोळ. ऑनलाईन होते. पाकिटावर तो क्रमांक आणि तारीख छापली की गिऱ्हाईक विश्वासाने घेतं. नोंदणी जाऊबाईंच्या नावे आहे, कारण मुख्य काम त्यांचं आणि त्यांना कुठली नोकरी नाही. शाळेला मी लेखी कळवलं आहे. आणि माझा एक नियम आहे: वर्गातल्या पालकांना विकत नाही. कोणी फारच मागे लागलं तर जाऊबाईंकडे पाठवते आणि हिशेबात माझा वाटा त्यात धरत नाही. कारण पालक 'नाही' म्हणू शकत नाहीत.

वाटसरू७

शेवटचं वाक्य पटलं, ताई. कोकणातले आमचे एक सहकारी दर एप्रिलला आंब्याच्या पेट्या आणतात. आंबा त्यांच्या घरचाच, देवगडचा, अस्सल. स्टाफमध्ये विकतात तोपर्यंत ठीक होतं. मागच्या वर्षी पालकांच्या ग्रुपवर टाकलं आणि दोन दिवसांत चाळीस पेट्या गेल्या. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

(त्या आंब्याची एक पेटी माझीही होती. गोड होता. :) )

बुधवारपेठी

आमच्याकडचा जोडधंदा न मागता मिळतो: बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी. मतदार याद्या, घरोघर फिरणं. २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने वार्षिक मानधन ६ हजारांचं १२ हजार केलं, म्हणजे महिन्याला हजार. चार मजले चढून 'घर बंद' लिहिण्याचे.

खारीचा_वाटा

कलम २८ दाखवतात तसं त्याच्या शेजारचं कलम २७ पण वाचावं. अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्यात. म्हणून सुटका नाही.

नोंदवही

मंडळी, याद्यांचं दुःख मोठं आहे, त्यावर वेगळा धागा काढा. इथे पळसपान यांच्या प्रश्नावर राहू.

दहावी_ब

माझा अनुभव यूट्यूबचा. दहावी भूमितीचं चॅनेल आहे. लोकांना वाटतं व्हिडिओ टाकला की पैसा. जाहिरातींचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि बारा महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं लागतं. मला तिथे पोचायला एकोणीस महिने लागले. पुढे १०० डॉलर जमल्याशिवाय बँकेत काही येत नाही. पहिली रक्कम आली ती आणखी सात महिन्यांनी. फेब्रुवारीत आकडे चढतात, बोर्डाचा पेपर झाला की एका रात्रीत आडवे होतात.

तरी मी करतो, कारण गडचिरोलीतल्या एका मुलीने लिहिलं होतं की आमच्या शाळेत गणिताला सर नाहीत, तुमच्यावरच परीक्षा दिली. पण घरखर्चाला हात म्हणून याच्याकडे बघू नका.

अनवाणी

मी कशाकडे बघू नये ते सांगतो, कारण मी त्यात बुडालोय.

२०१९ मध्ये एका सहकाऱ्याने एका कंपनीच्या सभेला नेलं. नाव लिहीत नाही. पैसे भरा, खाली दोन माणसं जोडा, ती आणखी दोन जोडतील. स्टेजवर बोलणारा स्वतः माजी शिक्षक होता, आपली भाषा त्याला येत होती. मी शिक्षक पतसंस्थेतून दोन लाख काढले. आणि माझ्या शब्दावर अकरा जणांनी भरले, त्यातले तीन माझे विद्यार्थी, नुकते नोकरीला लागलेले. चौदा महिन्यांत कार्यालयाला कुलूप.

माझे दोन लाख पगारातून कापले जाताहेत, मार्चमध्ये संपतील. त्या तीन मुलांचे पैसे मी माझ्या खिशातून परत केले, बाकीच्यांचे करू शकलो नाही. एक जण अजून रस्ता बदलतो.

शिक्षकांनाच हे लोक शोधतात. आपल्या शब्दाला गावात किंमत असते, तीच त्यांना हवी असते. कोणी 'माणसं जोडा' म्हटलं की उठून या.

मावळतीचा

अनवाणी सर, तीन मुलांचे परत केलेत, हे ती मुलं विसरणार नाहीत.

रातकिडा

पळसपान सर, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये मला एक गोष्ट दिसली. एवढ्या लांब मजकुरात एकही शुद्धलेखनाची चूक नाही. 'टिकतं', 'फिटतंय', 'वर्गसमीकरण', सगळं जागच्या जागी.

मी मुद्रितशोधन करतो. दिवसा शाळा, रात्री नऊ ते अकरा प्रुफं. जुलै ते ऑक्टोबर दिवाळी अंकांचा हंगाम असतो, एरवी पुस्तकं. मोबदला पानामागे ठरतो. नवख्याला पंधरा-वीस रुपये, हात बसला की तीस-चाळीस. विज्ञान आणि गणिताची प्रुफं वाचणारा माणूस मिळत नाही, कारण भाषेच्या शिक्षकाला घातांक खाली उतरलेला दिसत नाही आणि गणिताच्या शिक्षकाला वेलांटी दिसत नाही. तुम्हाला दोन्ही दिसतं.

शिकायचं काय? मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम: १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार, मिळून अठरा. ते पाठ नव्हे, हाडीमाशी हवेत. प्रुफखुणा आठवड्यात येतात. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार उड्या मारतात, जोडाक्षरं फुटतात, तिथे जास्त लक्ष. आणि एकदा अर्थासाठी, एकदा अक्षरासाठी, अशी दोनदा वाचायची. एकाच वाचनात दोन्ही करायला गेलात तर वाक्य छान वाटून चूक निसटते.

एक सांभाळा. तुमच्याच शाळेत लावलं जाणारं गाईड तपासायला घेऊ नका.

शिरस्तेदार

कराचं कोणीच बोललं नाही, म्हणून. पगाराशिवाय असं व्यावसायिक उत्पन्न आलं की आयटीआर-१ (प्राप्तिकर विवरणपत्राचा साधा नमुना) चालत नाही, ३ किंवा ४ भरावा लागतो. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो, म्हणून पळसपान यांना काही भरावं लागणार नाही, पण उत्पन्न दाखवा.

जे शिक्षक पुस्तकं लिहितात त्यांच्यासाठी: जुन्या प्रणालीत १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०क्यूक्यूबी खाली लेखकाला स्वामित्वधनावर ३ लाखांपर्यंत वजावट आहे. पण शालेय पाठ्यपुस्तकं आणि गाईडं त्यातून वगळली आहेत. ललित, वैज्ञानिक, कलाविषयक पुस्तक असेल तरच. दरवर्षी कोणी ना कोणी इथे चुकतं.

पॅसिफिककाठ

कॅलिफोर्नियातून. इथे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात, मी रविवारी स्वयंसेवक म्हणून शिकवते. आठवड्याचा एक तास पुरत नाही. आई-वडिलांना घरी वेळ नसतो आणि मुलं इंग्रजीतच उत्तर देतात. तिकडच्या कोणी ऑनलाईन गप्पा मारत मराठी शिकवली तर चार-पाच घरं तरी लगेच तयार आहेत. आमचे संध्याकाळचे सहा म्हणजे तुमचे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेसहा. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेली की साडेसात. पळसपान यांचा सकाळचा वेळ बरोबर बसतो.

नोंदवही

मॅडम, कल्पना उत्तम. पण कलमात 'खासगी अध्यापन' हाही शब्द आहे. विद्यार्थी समुद्रापलीकडे असला तरी अध्यापन ते अध्यापनच. पळसपान यांनी स्वतः करू नये. निवृत्त शिक्षक किंवा ज्यांना शाळेत नेमणूक नाही अशा पदविकाधारकांनी जरूर करावं.

पळसपान

नोंदवही सर, हे वाचून मी मोठ्याने ओरडलो. बायको डी.एड. आहे! २०१० ची. भरती झाली नाही, मग लग्न, मग मुलगी, ते प्रमाणपत्र कपाटात राहिलं.

काल ताईंनी सांगितलं तसं विचारलं. शेड, अळ्या तिला नको आहेत. म्हणाली, "मला शिकवायचं होतं, तुम्ही मला कधी विचारलंच नाही." बराच वेळ दोघेही गप्प होतो. पॅसिफिककाठ मॅडम, ती तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करेल. स्वतः करेल, मी नाही.

रातकिडा सर, मला प्रुफखुणांचा तक्ता पाठवाल का? आणि नोंदवही सर, परवानगीचा अर्ज कसा लिहू?

नोंदवही

मुख्याध्यापकांमार्फत संस्थेच्या सचिवांना. विषय: शालेय वेळेबाहेर मुद्रितशोधनाचे काम करण्यास परवानगी मिळणेबाबत. तीन गोष्टी स्पष्ट लिहा: वेळ शाळेबाहेरची असेल, शाळेचं साहित्य वापरणार नाही, शाळेच्या विद्यार्थ्यांशी वा पालकांशी आर्थिक व्यवहार येणार नाही. दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन स्वतःच्या फाईलला लावा. तोंडी 'करा हो' वर विसंबू नका.

तुतीवाला

रेशीम नको तर नको सर, पण बांधावर चार तुतीची झाडं लावा. मुलगी तुती खाईल.

पळसपान

चार महिन्यांनी धागा वर काढतोय.

परवानगी सात आठवड्यांनी मिळाली, लेखी. रातकिडा सरांनी सुरुवातीला त्यांनी आधी तपासलेले दोन फॉर्मे (सोळा-सोळा पानांचे छपाईचे भाग) खुणा न करता पाठवून माझ्याकडून वाचून घेतले. मी सदतीस चुका काढल्या, त्यांनी बावन्न काढलेल्या. मग एका प्रकाशकाकडे शब्द टाकला. पहिलं पुस्तक किशोरांसाठी विज्ञानाचं, बारा फॉर्मे, १९२ पानं, पानाला वीस रुपये. परवा खात्यात ३,८४० रुपये जमा झाले. आईची तीन महिन्यांची औषधं एकदम आणली, दर महिन्याला दुकानदाराला 'थोडं थांबा' म्हणायचं टळलं.

बायकोकडे कॅलिफोर्नियातल्या तीन घरांतली चार मुलं आहेत. सकाळी साडेसहाला स्वयंपाकघरात फोन डब्याला टेकवून बसते. परवा एक मुलगा तिला विचारत होता की चिमणीला 'ती' आणि कावळ्याला 'तो' का म्हणायचं. ती उत्तर देत होती आणि आमची मुलगी दारामागे उभी राहून ऐकत होती. पैसे तिच्याच खात्यात येतात.

रातकिडा सर, एक अडलंय. आता गणिताचं पुस्तक आलंय. लेखकाने सगळीकडे 'कोटीकोन' लिहिलंय, दुसरी वेलांटी. शाळेच्या पुस्तकात पहिली आहे. लेखक ज्येष्ठ आहेत. बदलू का?

रातकिडा

बदला. कोटिकोन, ऱ्हस्व. मूळ संस्कृत शब्द 'कोटि' ऱ्हस्व इकारान्त, आणि असा शब्द समासात पहिला आला की ऱ्हस्वच राहतो: कविराज, बुद्धिमत्ता, तसा कोटिकोन. पानाच्या कडेला नियम क्रमांक लिहा, लेखक ज्येष्ठ असले तरी नियमावर रागावत नाहीत. आणि 'त्रिज्या' सगळीकडे तपासा, त्यांचा 'त्रि' पण दीर्घ होतो, मी त्यांचं आधीचं पुस्तक वाचलंय.

पळसपान

झालाय. अकरा ठिकाणी.